बुद्धी आपली, भांडवल सरकारचे. पण वाट दाखवणारा कोण?

(जाम, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा येथील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हांस विषय दिला आहे तो विज्ञान-तंत्रज्ञानावर आधारलेला नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांना लागणाऱ्या व्यवसाय-मार्गदर्शनाचा. जामच्या चौरस्त्यावर, जिथून एक रस्ता हैदराबादला आणि दुसरा चंद्रपूरला फुटतो, तिथे हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. हा पुण्या-बंगलोरचा विषय, आपला नव्हे, असेही कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा या भागांतली आपली मुले-मुली आज अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र शिकत आहेत. शिक्षणाचा पहिला डोंगर आपण चढलो. आता प्रश्न आहे तो शिकलेल्या मुलाच्या हातून नवी वस्तू घडल्यावर तिचे पुढे काय करायचे, हा.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. कोचिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नीट-जेईईचे क्लासेस येतात. व्यवसायातले कोचिंग तसे नसते. त्यात ठरलेला अभ्यासक्रम नसतो आणि उत्तरपत्रिकाही नसते. अनुभवी माणूस उद्योजकासमोर बसतो, त्याला अडचणीचे प्रश्न विचारतो आणि योग्य माणसाचे दार उघडून देतो. तसेच स्टार्टअपमध्येही दोन प्रकार आहेत. मोबाइलवरून जेवण पोहोचवण्याचा धंदा हा एक प्रकार. दुसरा प्रकार असा की, प्रयोगशाळेत काही वर्षे झगडून एखादे यंत्र, औषध, धातू किंवा संवेदक तयार करायचा, तो चालतो की नाही हे सिद्ध करायचे आणि मग तो विकायचा. यालाच आज डीप-टेक म्हणतात. यात वेळ फार लागतो, पैसा आधी लागतो आणि गिऱ्हाईक शेवटी येते.

किती वेळ लागतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले घेऊ. मुंबई आयआयटीतून शिकून निघालेल्या तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज नावाची ड्रोन बनवणारी कंपनी काढली. त्याच आयआयटीत २००४ साली सुरू झालेल्या 'साइन' या उद्योगपालन केंद्राचा तिला आधार मिळाला. 'थ्री इडियट्स' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्यात उडणारे छोटे यंत्र याच मंडळींचे होते. ही कंपनी शेअर बाजारात आली ती जुलै २०२३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सोळा वर्षांनी. आणि बाजारात आल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही, २०२४-२५ या आर्थिक वर्षात तिला तोटा सोसावा लागला. आयआयटीचे शिक्षण आणि मुंबईचा शेजार लाभलेल्यांची ही कथा असेल, तर ज्याच्या घरात धंद्याची परंपराच नाही अशा मुलाला किती आधार लागेल याचा विचार आपण केला पाहिजे.

येथे आम्हांला एका घटनेची आठवण करून द्यावीशी वाटते. बाबासाहेब घटनाकार, अर्थतज्ज्ञ आणि बॅरिस्टर म्हणून आपणांस माहीत आहेत. परंतु ते काही काळ व्यवसाय-सल्लागारही होते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते १९१७ साली परतले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला घेणारे येऊ लागले. पण सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे कळताच ते येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. त्या काळच्या मुंबईत त्यांच्याइतके अर्थशास्त्र शिकलेले लोक किती असतील? ज्ञानात उणे नव्हते, परिश्रमात उणे नव्हते. तुटली ती ओळखीची साखळी. सल्ला देणे-घेणे हा व्यवहार नुसत्या ज्ञानावर चालत नाही. तो विश्वासावर चालतो, आणि विश्वास आपल्या देशात बहुतेक वेळा नात्यागोत्याच्या वाटेने जातो. व्यापारी घराण्यातल्या मुलाला व्यवसाय-मार्गदर्शन विकत घ्यावे लागत नाही. जेवताना काका सांगतो की, या पार्टीला उधारी देऊ नकोस. मामा सांगतो, मशीन नवीन घेण्याआधी भाड्याने चालवून बघ. आत्याचे यजमान बँकेत फोन करतात. आपल्या मुलाला हे कोण सांगणार? आपले वडील शेतमजूर, गिरणीकामगार, शिक्षक किंवा कारकून. त्यांनी आपल्याला प्रामाणिकपणा दिला, शिक्षण दिले. परंतु चालू खाते आणि बचत खाते यांतला फरक त्यांना स्वतःला कोणी समजावला नव्हता. म्हणून जे इतरांना घरात मिळते ते आपल्याला समाजात, ठरवून, उभे करावे लागेल. आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट आपण सोबत न्यावी, अशी आमची विनंती आहे.

आता मार्गदर्शक नेमके करतो काय, हे आपल्या पऱ्हाटीच्या उदाहरणाने पाहू. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस कसा खाल्ला, हे तुम्हांला सांगायला नको. या अळीचा पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाची गोळी ठेवली की नर पतंग त्यात सापडतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले तर उपाय करण्याची वेळ झाली, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण रोज सकाळी जाऊन पतंग मोजायचे कोणी? समजा, आपल्या भागातल्या एखाद्या अभियंता मुलीने कॅमेरा बसवलेला सापळा तयार केला. तो पतंग स्वतः मोजतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप पाठवतो. यंत्र चालले, कॉलेजात बक्षीस मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला. आता पुढे? इथे मार्गदर्शक पाच प्रश्न विचारील.

पहिला प्रश्न : पैसे कोण देणार? उपयोग शेतकऱ्याला आहे म्हणून गिऱ्हाईक शेतकरीच असेल असे नाही. पाच एकरांचा कास्तकार साधा सापळा स्वस्तात घेतो, तो कॅमेऱ्याचा महाग सापळा घेणार नाही. मग जिनिंगवाला घेईल काय? गुलाबी बोंडअळी सरकीतून जिनिंगच्या आवारापर्यंत पोहोचते आणि तिथेही सापळे लावावे लागतात. बियाणे कंपनी घेईल काय? शेतकरी उत्पादक कंपनी दहा गावांसाठी एकत्र घेईल काय? कृषी विभाग घेईल काय? घरी बसून याचे उत्तर मिळत नाही. हिंगणघाटच्या बाजार समितीत आणि जिनिंगमध्ये जाऊन वीस-पंचवीस लोकांशी बोलावे लागते, आणि बोलताना आपल्या यंत्राची स्तुती न करता त्यांची अडचण ऐकावी लागते.

दुसरा प्रश्न : हे याआधी कोणी केले आहे? मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने 'कॉटनएस' नावाचे ॲप केले आहे. त्यात सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढला की मोजणी होऊन सल्ला मिळतो. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथेही बोंडअळीवर सतत काम चालते. हे कळल्यावर पुष्कळ तरुण खचतात. खचण्याचे कारण नाही. आपले यंत्र त्यांच्याहून कोणत्या एका बाबतीत उपयोगी आहे, हे सांगता आले की पुरे. ते सांगता येत नसेल तर मात्र तेही लवकर कळलेले बरे.

तिसरा प्रश्न : आपण कोणत्या पायरीवर आहात? अमेरिकेच्या नासा या संस्थेत १९७० च्या दशकात तंत्रज्ञानाची तयारी मोजण्याची एक शिडी निघाली. आज ती नऊ पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर मूळ तत्त्व, तिसरीवर कल्पनेची सिद्धता, चौथीवर प्रयोगशाळेत चाललेले यंत्र, सहावीवर खऱ्यासारख्या परिस्थितीत केलेली चाचणी, नववीवर प्रत्यक्ष वापर. कॉलेजात बक्षीस मिळालेले यंत्र बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असते. ते ऑगस्टच्या पावसात, चिखलात, धुळीत आणि विजेशिवाय चालले पाहिजे. शेतीत आणखी एक अडचण असते. कापसाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. जुलैपर्यंत सापळे तयार झाले नाहीत तर चाचणी पुढच्या वर्षावर जाते, पगार आणि भाडे मात्र वर्षभर चालूच राहते. मधली दोन-तीन वर्षे अशीच जातात आणि पुष्कळ चांगले उद्योग तिथेच संपतात.

चौथा प्रश्न : पेटंटचा अर्ज केला काय? आपली मुले उत्साहाच्या भरात प्रदर्शनात सगळे उघड करतात, लेख छापतात आणि मग पेटंटची चौकशी करतात. काही मर्यादित अपवाद सोडले तर आधी जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य कायद्याने संपते. म्हणून अर्ज आधी आणि बोभाटा नंतर. तात्पुरता अर्ज करून ठेवला की पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला सरकारी शुल्कात ८० टक्के सवलत आहे. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. यासाठी दिल्लीला जाण्याची गरज नाही.

पाचवा प्रश्न : हातातला पैसा किती महिने पुरेल, आणि भागीदारीचे कागद झाले काय? दर महिन्याला किती येतात, किती जातात, हे एका वहीत लिहिलेले असले पाहिजे. मोठ्या कंपनीला माल दिला आणि पैसे सहा महिने आले नाहीत, तर नफ्यातला धंदाही बुडतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि मित्र-मित्र मिळून कंपनी काढतात तेव्हा कोणाचा वाटा किती, एकाने नोकरी धरून निघून जायचे ठरवले तर त्याच्या वाट्याचे काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. कागद केला म्हणजे मैत्रीवर अविश्वास दाखवला असे समजू नये.

या पाच प्रश्नांतून जो तरतो त्याच्यापुढे वाढीचा प्रश्न उभा राहतो. पहिले दहा सापळे त्या मुलीने स्वतःच्या हाताने जोडले. हजार सापळे तिला स्वतः जोडता येणार नाहीत. मग सुटे भाग कुठून घ्यायचे, बिघडलेला सापळा शेतातून आणून दुरुस्त कोण करणार, विक्रीसाठी माणूस कधी ठेवायचा, आणि स्वतः प्रयोगशाळेतून बाहेर येऊन हिशेबाच्या टेबलावर कधी बसायचे, हे ठरवावे लागते. संशोधकाला हे शेवटचे सर्वांत जड जाते. आपले यंत्र त्याला पोटच्या पोरासारखे वाटते, त्यात आणखी सुधारणा करीत राहावे असे वाटते. पण गिऱ्हाईक थांबत नाही. अशा वेळी 'आता पुरे, हे विकायला काढ' असे सांगणारा माणूस जवळ लागतो.

बंधू-भगिनींनो, पैशाविषयी बोलल्याशिवाय आपले समाधान होणार नाही. नमुना यंत्र बनवण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी-प्रयास' योजनेतून १० लाखांपर्यंत अनुदान दिले गेले आहे. जैवतंत्रज्ञानासाठी 'बायरॅक' या सरकारी संस्थेच्या 'बिग' योजनेतून ५० लाखांपर्यंत. २०२० साली केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' जाहीर केले. अनुसूचित जातींच्या एक हजार तरुणांना उद्योगपालन केंद्रांमार्फत निवडून प्रत्येकाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भागभांडवल द्यायचे, असे त्यात ठरले होते. भागभांडवल म्हणजे कर्ज नव्हे, त्याला हप्ता नाही. पुढे १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. पण तो आपण सांगितलेल्या शिडीच्या चौथ्या आणि त्यापुढच्या पायऱ्यांवरच्यांसाठी आहे. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा आला. आपण कितव्या पायरीवर आहोत हे ज्याला माहीत नाही, तो कोणत्या दारात अर्ज करणार? योजना बदलतात, बंद होतात, नव्या निघतात. म्हणून अर्जाआधी चालू स्थितीची चौकशी करावी. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तेव्हा जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आहे काय, हे आजच घरी जाऊन पाहावे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे पाहणे उपयोगाचे नाही.

जिथे गरज असते तिथे लुबाडणारेही येतात. आज गावोगाव स्वतःला ग्रोथ कोच म्हणवणारे फिरतात. हॉटेलात तीन दिवसांचे शिबिर, टाळ्या, घोषणा, 'तुम्हीही करोडपती व्हाल', आणि शेवटी मोठ्या फीचा पुढचा कोर्स. दुसरे म्हणजे अनुदान मिळवून देतो म्हणून आगाऊ टक्केवारी मागणारे मध्यस्थ. खऱ्या मार्गदर्शकाची खूण साधी आहे. त्याने स्वतः काही उभारलेले असते किंवा चालवलेले असते. तो बोलतो कमी, विचारतो जास्त. एखादी गोष्ट त्याला माहीत नसेल तर तो माहीत असलेल्याकडे पाठवतो. आणि पहिल्याच भेटीत तो तुमच्या कंपनीत वाटा मागत नाही. बुद्धांनी 'कल्याणमित्र' हा शब्द दिला आहे. सुखात स्तुती करणारा तो कल्याणमित्र नव्हे, चुकीच्या वाटेवर पाऊल पडताना हात धरणारा तो कल्याणमित्र. या कामासाठी याहून नेमका शब्द आमच्या पाहण्यात नाही.

असे लोक आपल्यात आहेत काय? आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांनी माझगाव डॉकमध्ये नोकरी करताना जहाजबांधणीचे आणि समुद्रातल्या बांधकामाचे काम आतून पाहिले, आणि मग भावांसोबत दास ऑफशोअर ही कंपनी उभी केली. नोकरीत असतानाच गिऱ्हाईक कोण, कामाची तपासणी कशी होते, पैसे कसे मिळतात, हे त्यांनी शिकून घेतले. नोकरी ही सुद्धा व्यवसायाची शाळा होऊ शकते, हे यातून दिसते. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. एकट्या उद्योजकाला ओळखीची साखळी मिळावी म्हणून असे चेंबर लागते. १९१८ साली जी साखळी बाबासाहेबांना नाकारली गेली, ती आपल्या माणसांसाठी घडवण्याचे हे काम आहे.

परंतु सर्व काही पुण्या-मुंबईवर सोडून चालणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे, तिथे विज्ञानाधिष्ठित उद्योगांना जागा, उपकरणे आणि सल्ला मिळतो. तिथे जरूर जावे. पण त्याआधी जवळ पाहावे. वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. नागपूरला आयआयएमचे उद्योजकता केंद्र आहे, नीरी आहे, जिनिंगचे प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. इतके सगळे असूनही आपला मुलगा तिथल्या फाटकापाशी थबकतो, कारण आत कोणाला भेटायचे हे त्याला माहीत नसते. फाटकापासून टेबलापर्यंतचे अंतर त्याच्यासोबत चालणारा माणूस आपण दिला पाहिजे.

म्हणून आमची या संस्थेला नम्र सूचना आहे. आपल्या पंचक्रोशीतले निवृत्त बँक अधिकारी, अभियंते, प्राध्यापक, आयटीआयचे निदेशक, हिशेबनीस, वकील, कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम केलेले बांधव यांची एक यादी करावी. प्रत्येकाने महिन्याला दोन तास द्यावेत. ठरलेल्या रविवारी तीन-चार तरुणांनी आपले काम त्यांच्यापुढे मांडावे. वर सांगितलेले पाच प्रश्न विचारावेत, उत्तरे वहीत लिहावीत आणि पुढच्या महिन्यात तीच वही पुन्हा उघडावी. या कामात कोणी कोणाकडून पैसा घेऊ नये, जामीन राहू नये आणि कंपनीत वाटा मागू नये. मुलींना बोलावण्याची तजवीज मुद्दाम करावी, नाहीतर त्या मागच्या रांगेतच बसतील. यासाठी इमारत नको, देणगी नको. एक सतरंजी आणि एक वही पुरे.

शेवटी पालकांसाठी दोन शब्द. प्रत्येक मुलाने उद्योगच काढावा असे आमचे म्हणणे नाही. चांगली नोकरी हे सन्मानाचेच काम आहे. उद्योग काढणाऱ्यानेही घर किंवा शेत गहाण टाकून पहिले यंत्र बनवू नये, पहिल्या पायऱ्यांसाठी अनुदान शोधावे. आणि एवढे करूनही एखाद्याचा उद्योग बंद पडला, तर त्याची टिंगल करू नये. ज्याने तीन वर्षे एखादे यंत्र शेतात चालवून पाहिले तो पुढच्यासाठी सर्वांत मोलाचा मार्गदर्शक असतो. त्याचे नाव त्या रविवारच्या यादीत सर्वांत वर लिहावे.

 आता हातात कागद-पेन घ्या आणि आपल्या ओळखीतल्या निदान एका जाणकार माणसाचे नाव आजच संयोजकांकडे देऊन मगच घरी जा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!